एकच तलवार, चार योद्धे आणि समतोलाचे गणित

'स्ट्रेंजर थिंग्ज' ही मालिका ज्यांनी पाहिली, त्यांना माइकच्या घरातल्या तळघरातले ते टेबल आठवत असेल. शाळकरी मित्र फासे टाकत एका काल्पनिक जगातली मोहीम लढत असतात. माइक त्या खेळात पॅलाडिन असतो आणि लुकस रेंजर. हा खेळ मालिकेसाठी रचलेला नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तयार केलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि आजही जगभर खेळला जातो.

या खेळात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो आणि त्या पात्राचा एक 'क्लास' असतो. शस्त्र घेऊन पुढे होऊन लढणाऱ्यांचे चार प्रमुख क्लास आहेत. फायटर हा निव्वळ शस्त्रविद्येवर जगणारा शिपाईगडी. पॅलाडिन हा व्रतस्थ धर्मवीर. तो लढतो, जखमा बऱ्या करतो आणि त्याच्या तलवारीत दैवी तेजही उतरते. रेंजर हा रानावनात माग काढणारा शिकारी. बार्बेरियन हा संतापाच्या भरात दुप्पट चिवट होणारा रानटी वीर.

आता कोडे असे. चौघांच्याही हातात तीच तलवार देता येते. मग पॅलाडिनला तलवारीबरोबर दैवी शक्तीही मिळत असेल, तर फायटर कोण घेईल? आणि फायटरला त्याची भरपाई म्हणून जास्त जोरदार वार दिला, तर पॅलाडिन मागे पडणार नाही का? टेबलाभोवती बसलेल्या चौघांनाही चार-पाच तासांच्या खेळात आपण उपयोगी पडलो असे वाटले पाहिजे. ते घडवून आणणारी नियमांची रचना म्हणजे समतोल. ती बसवायला खेळाच्या रचनाकारांना पन्नास वर्षे लागली आहेत आणि त्यातली प्रत्येक खटपट काहीतरी शिकवून जाते.

वार लागतो कसा?

आधी खेळाचे साधे यंत्र समजून घेऊ. वार करायचा असेल तर खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो. पडलेल्या आकड्यात आपल्या पात्राची ताकद आणि कसब यांचे गुण मिळवतो. ही बेरीज शत्रूच्या चिलखताच्या आकड्याइतकी किंवा त्याहून मोठी आली, तर वार लागला. मग दुसरे फासे टाकून इजा किती झाली ते ठरते. ती इजा शत्रूच्या 'हिट पॉइंट'मधून, म्हणजे त्याच्या जीवबळाच्या साठ्यातून वजा होते. साठा संपला की शत्रू कोसळतो.

मोहिमा पार पडतील तसे अनुभवाचे गुण साठत जातात आणि पात्राची 'लेव्हल' वाढते. या सगळ्यावर देखरेख करणारा, कथा पुढे नेणारा आणि शत्रूंच्या बाजूने फासे टाकणारा एक खेळाडू असतो. त्याला डन्जन मास्टर किंवा नुसते डीएम म्हणतात. या डीएमकडे पुढे पुन्हा यायचे आहे, कारण समतोलाची एक मोठी किल्ली त्याच्याच हातात असते.

पहिला उपाय: दुर्मीळता

१९७४च्या मूळ पुस्तिकांमध्ये तीनच क्लास होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मोपदेशक. लढवय्या एकटाच, त्यामुळे त्याची दुसऱ्या लढवय्याशी तुलनाच नव्हती. १९७५ साली 'ग्रेहॉक' या पुरवणीत पॅलाडिन आला, त्याच वर्षी रेंजरही आला, आणि प्रश्न सुरू झाला.

पॅलाडिन फायटरपेक्षा उघडउघड सरस होता. रचनाकारांनी त्यावर दाराशी पहारा बसवला. पात्र तयार करताना सहा बाजूंचे तीन फासे टाकून प्रत्येक गुण ठरवायचा आणि पॅलाडिन व्हायचे तर 'करिश्मा' या गुणात किमान १७ हवेत. तीन फाशांचे एकूण २१६ निकाल संभवतात. त्यांपैकी १७ तीन प्रकारे पडतात आणि १८ एकाच प्रकारे. म्हणजे २१६ पैकी ४, अर्थात ५४ पात्रांत एखादे.

शेकडो टेबलांवरचा खेळ एकत्र पाहिला तर हा बंदोबस्त रास्त वाटतो. पॅलाडिन क्वचित दिसेल, म्हणून तो थोडा बलवान असला तरी बिघडत नाही. पण खेळाडू शेकडो टेबलांवर एकदम बसत नाही. तो एकाच टेबलावर, त्याच मित्रांबरोबर महिनोन्‌महिने खेळतो. तिथे एकदा पॅलाडिन आला की तो दुर्मीळ राहत नाही, तो दर आठवड्याला शेजारी बसलेला असतो. शिवाय १७ पडले ते नशिबाने, आणि त्याच नशिबाचे बक्षीस म्हणून सरस क्लासही त्यालाच. ज्याचे फासे चांगले पडले नाहीत, त्याचे दोन्हीकडून नुकसान. पहिला धडा इथे मिळतो: समतोल सरासरीत असून भागत नाही, तो एका टेबलावर असावा लागतो.

दुसरा उपाय: किंमत आणि बंधने

१९७८च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये आणखी दोन उपाय ठळक झाले. पहिला किमतीचा. दुसरी लेव्हल गाठायला फायटरला अनुभवाचे सुमारे २,००० गुण लागत, रेंजरला २,२५० आणि पॅलाडिनला २,७५०. बलवान क्लास हवा, तर सावकाश वाढा. पुढे १९८५च्या 'अनअर्थ्ड आर्काना' या पुस्तकात आलेल्या बार्बेरियनला तर त्याच पायरीसाठी ६,००० गुण मोजावे लागत. तो दुसऱ्या लेव्हलला पोचेपर्यंत तेवढ्याच गुणांचा फायटर तिसऱ्या लेव्हलवर असे.

पण इथे एक गणिती फट आहे. सुरुवातीच्या काळात पुढची लेव्हल गाठायला लागणारे गुण दर वेळी साधारण दुप्पट होत जातात. २,०००, मग ४,०००, मग ८,०००. असा जिना असला की तीस-चाळीस टक्के जास्त किंमत मोजणारा माणूस फार तर एका पायरीने मागे राहतो, आणि तोही थोडाच काळ. २५,००० गुण जमवलेले फायटर आणि पॅलाडिन दोघेही पाचव्याच लेव्हलवर असत. किंमत कागदावर जड दिसे, प्रत्यक्षात हलकी पडे.

दुसरा उपाय आचारसंहितेचा. पॅलाडिनने दहापेक्षा जास्त जादूच्या वस्तू बाळगायच्या नाहीत, मिळकतीचा दहावा हिस्सा दान करायचा, आणि दुष्कृत्य केले तर दैवी शक्ती गमवायची. बार्बेरियनला तर सुरुवातीच्या लेव्हल्समध्ये जादूगाराची संगतच वर्ज्य होती. कथेच्या दृष्टीने ही बंधने सुरेख आहेत, व्रताशिवाय व्रतस्थ वीर कसला? समतोलाचे साधन म्हणून मात्र ती अडचणीची ठरली. पॅलाडिनच्या व्रतामुळे त्याच्या साथीदारांनाही कैद्याला दरडावता येईना. बार्बेरियनच्या नियमामुळे जादूगार घेतलेल्या मित्राची पंचाईत होई. एकाच्या शक्तीची किंमत दुसऱ्याने चुकती करायची, ही न्यायाची रीत नव्हे.

याच काळात फायटरलाही भरपाई होती, ती पुढे विसरली गेली. नवव्या लेव्हलला तो गढी बांधून सरदार होई आणि त्याच्या पदरी फौज जमा होई. म्हणजे त्याचे बळ हातातल्या तलवारीत नव्हते, माणसांत होते. पुढच्या आवृत्त्यांत ही फौज नियमांतून बाजूला पडली आणि फायटरची एक बाजू लंगडी झाली.

तिसरा उपाय: सर्वांना एकच जिना

२००० साली तिसरी आवृत्ती आली. तोवर हा खेळ विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे गेला होता. तिने सर्व क्लासना अनुभवाचा एकच तक्ता दिला. आता पाचव्या लेव्हलचा फायटर आणि पाचव्या लेव्हलचा पॅलाडिन तोलामोलाचे असायलाच हवेत, अशी अपेक्षा नियमांतच लिहिली गेली.

फायटरची भरपाई 'फीट' या रूपात झाली. फीट म्हणजे शिकून घेतलेली एकेक खुबी. वीस लेव्हल्समध्ये सर्वांना ७ खुब्या मिळत, फायटरला लढाईच्या आणखी ११. पण खुब्यांच्या साखळ्या होत्या. भोवतालच्या सर्व शत्रूंवर एकदम वार करण्याची 'व्हर्लविंड अटॅक' ही खुबी हवी असेल, तर आधी चार वेगळ्या खुब्या घ्याव्या लागत. पुस्तक घोटून प्यायलेल्या खेळाडूचा फायटर आणि नवख्याने आवडीने निवडलेला फायटर यांत त्यामुळे जमीन-अस्मानाचे अंतर पडू लागले. दोन क्लासमधली दरी बुजवायला गेले आणि एकाच क्लासच्या पोटात नवी दरी तयार झाली. भरपूर पर्याय देणे आणि भरपूर *चांगले* पर्याय देणे यांतला फरक या आवृत्तीने दाखवून दिला.

चौथा उपाय: कामे वाटून देणे

२००८च्या चौथ्या आवृत्तीने प्रश्नच वेगळ्या पद्धतीने मांडला. सगळे योद्धे एकाच मापाने का मोजायचे? प्रत्येकाला वेगळे काम द्या. फायटर आणि पॅलाडिन हे 'डिफेंडर', म्हणजे शत्रूला अडवून धरणारे. रेंजर 'स्ट्रायकर', म्हणजे जास्तीत जास्त इजा करणारा.

फायटरने ज्याच्यावर वार केला, त्या शत्रूवर तो खूण ठेवू शके. त्या शत्रूने फायटरला सोडून दुसऱ्या कोणावर हल्ला केला, तर फाशातून २ वजा होत. शिवाय फायटर शेजारीच असेल, तर त्याला एक फुकट वार मिळे. शत्रूपुढे पेच: फायटरशी भिडावे तर त्याचे चिलखत भक्कम, त्याला टाळावे तर शिक्षा. रेंजर मात्र जवळच्या शत्रूला सावज ठरवून त्याला दर फेरीत एका जादा फाशाची इजा करी. आता रेंजरने फायटरपेक्षा जास्त इजा केली म्हणून कोणी रागावण्याचे कारण उरले नाही, कारण फायटरचे यश इजेत मोजायचे नव्हते, वाचलेल्या साथीदारांत मोजायचे होते.

समतोलाच्या दृष्टीने ही आवृत्ती सर्वांत नेटकी होती, असे माझे मत आहे. तरीही बऱ्याच खेळाडूंना ती रुचली नाही. जादूगार असो की शिपाई, प्रत्येकाला सुरुवातीला सारख्याच संख्येने शक्ती: दोन कधीही वापरायच्या, एक दर चकमकीला, एक दिवसातून एकदा. मोजमाप सारखे झाले तसे क्लास हाताळतानाही सारखे वाटू लागले. फायटरचा साधेपणा ज्यांना प्रिय होता, त्यांना तो हरवल्याचे दुःख झाले.

पाचवी आवृत्ती आणि दिवसाची लांबी

२०१४ची पाचवी आवृत्ती हा या कथेचा सर्वांत रंजक भाग आहे, कारण तिथे समतोलाची गुरुकिल्ली वेळेत दडवलेली आहे. पाचव्या लेव्हलचे दोन वीर, फायटर आणि पॅलाडिन, घेऊन हिशेब मांडू. दोघांचीही ताकद सारखी, दोघांच्याही हातात दोन हातांनी पेलायची तलवार, समोरच्या शत्रूच्या चिलखताचा आकडा १५. फाशात ताकद आणि कसब यांचे ७ मिळवायचे आहेत, म्हणजे ८ किंवा जास्त पडले की वार लागला. वीसपैकी १३ वेळा, म्हणजे ६५ टक्के. लागलेल्या वाराची सरासरी इजा ११. प्रत्येक फेरीत दोन वार. म्हणून एका फेरीची सरासरी इजा २ × ०.६५ × ११ = १४.३.

इथवर दोघे सारखेच. आता फरक पाहू. फायटरकडे 'अॅक्शन सर्ज' आहे: एका फेरीत दुप्पट वार. तो एकदा वापरला की तासाभराच्या छोट्या विश्रांतीनंतर पुन्हा मिळतो. पॅलाडिनकडे 'डिव्हाइन स्माइट' आहे: लागलेल्या वारात दैवी तेज ओतून जादा इजा. त्यासाठी त्याच्याकडे दिवसाला सहा 'स्लॉट' असतात. त्यांपैकी चार प्रत्येकी सरासरी ९ इजा वाढवतात आणि दोन प्रत्येकी १३.५. दिवसाची जादा इजा ६३, आणि ती पुन्हा मिळायला रात्रभराची झोप लागते.

दिवसभरात एकच लढाई झाली, तीन फेऱ्यांची, तर फायटरची इजा सुमारे ५७ होते. पॅलाडिन त्याच लढाईत लागलेल्या प्रत्येक वारावर एक स्लॉट उधळतो आणि सुमारे ८७वर पोचतो. दीडपट! फायटरचा खेळाडू हिरमुसणारच.

आता त्याच दिवसात तीन-तीन फेऱ्यांच्या सहा लढाया होऊ द्या आणि मध्ये दोन छोट्या विश्रांती. अठरा फेऱ्या आणि तीन अॅक्शन सर्ज मिळून फायटरची इजा सुमारे ३००. पॅलाडिनचे स्लॉट तेवढेच, म्हणून त्याची इजा सुमारे ३२०. दरी दीडपटीवरून सात टक्क्यांवर आली.

क्रिकेट पाहणाऱ्याला हे लगेच उमगेल. वीस षटकांच्या सामन्यात शेवटच्या तीन षटकांत तुटून पडणारा फलंदाज अनमोल असतो; पाच दिवसांच्या कसोटीत दिवसभर खेळपट्टीवर उभा राहणारा. दोघांत श्रेष्ठ कोण, हे सामना किती लांबीचा आहे हे सांगितल्याशिवाय ठरत नाही. २०१४च्या 'डन्जन मास्टर्स गाइड'मध्ये मध्यम ते कठीण प्रकारच्या सहा ते आठ चकमकी आणि दोनेक छोट्या विश्रांती हे एका दिवसाचे माप दिले होते. वरचा समतोल त्या मापावर बसतो. पण अनेक टेबलांवर एका संध्याकाळी एकच मोठी लढाई होते, आणि मग तोच नियम पॅलाडिनच्या बाजूने झुकतो. दोष क्लासचा नसतो, दिवस आखूड पडलेला असतो.

संतापाचा सौदा

बार्बेरियनचा समतोल वेगळ्याच तत्त्वावर उभा आहे: जोखीम. तो 'रेकलेस अटॅक' करतो तेव्हा बेभान होऊन दोन फासे टाकतो आणि मोठा आकडा धरतो. वार लागण्याची शक्यता ६५ टक्क्यांवरून जवळजवळ ८८ टक्क्यांवर जाते. मोबदल्यात पुढच्या पाळीपर्यंत शत्रूही त्याच्यावर दोन-दोन फासे टाकतो. शत्रूची शक्यता ६० टक्के असेल तर ती ८४ होते, म्हणजे अंगावर येणारी इजा १.४ पट.

पण तो संतापलेला, म्हणजे 'रेज'मध्ये असेल, तर शस्त्रांच्या घावांची इजा निम्मीच लागते. १.४ची निम्मी ०.७. अंगावर घेतलेली जोखीम पचवूनही तो इतरांपेक्षा कमी जखमी होतो! २०१४च्या नियमांत पाचव्या लेव्हलला संताप दिवसातून तीनदाच येई, आणि आगीच्या किंवा मनावर घाला घालणाऱ्या जादूपुढे त्याचा उपयोग बहुधा होत नाही. म्हणून या वीराला खेळवणाऱ्याने संताप कधी आणायचा हे ओळखणे, हेच त्याचे कौशल्य. सौद्याची ही रचना मला फार सुंदर वाटते, कारण तिथे नियम आणि स्वभाव एक झाले आहेत. बेभान माणूस कसा लढेल, तसेच त्याचे आकडे वागतात.

रेंजरचे दुखणे

चौथा योद्धा सर्वांत अवघड. २०१४च्या रेंजरला एक ठरावीक शत्रू आणि एक ठरावीक प्रदेश निवडावा लागे. त्या शत्रूचा माग काढण्यात आणि त्या प्रदेशात वाट शोधण्यात तो तरबेज. पण जंगल निवडलेल्या रेंजरची मोहीम शहराच्या गल्लीबोळांत रंगली, तर हे कसब झोपूनच राही. त्याचे बळ डीएमच्या कथेवर अवलंबून होते आणि ते खेळाडूच्या हातात नव्हते. उलट, कथा जंगलातच घडली तर तो वाट कधीच चुकत नसे, त्यामुळे वाट चुकण्यातली गंमतच नाहीशी होई. म्हणजे कौशल्य एकतर निरुपयोगी, नाहीतर प्रसंगच पुसून टाकणारे.

कंपनीने २०१६ साली सुधारित रेंजर चाचणीसाठी खुला केला आणि २०२०च्या 'ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या पुस्तकात जुन्या कसबांच्या जागी कुठेही चालणारे पर्याय दिले. यातून निघणारा धडा सर्व क्लासना लागू आहे: जे बळ वापरायची संधीच येत नाही, ते कागदावर कितीही मोठे असले तरी शून्य.

चौकट: समतोल साधण्याच्या रीती

• *दुर्मीळता:* बलवान क्लास क्वचितच मिळू द्यायचा. एका टेबलापुरता हा उपाय फसतो.
• *किंमत:* बलवान क्लास सावकाश वाढवायचा. गुणांचा जिना दुप्पट होत जाणारा असेल तर फरक पुसट होतो.
• *बंधने:* शक्तीबरोबर व्रत. कथेला छान, पण साथीदारांना जाच होता कामा नये.
• *कामाची वाटणी:* अडवणारा वेगळा, मारणारा वेगळा. नेटका उपाय, मात्र हाताळणीत साचेबंदपणा येऊ शकतो.
• *वेळ:* एकाचे बळ स्फोटक, दुसऱ्याचे टिकाऊ. दिवसाची लांबी बरोबर असेल तरच जमते.
• *जोखीम:* जास्त जोर हवा तर जास्त धोका पत्करायचा.

लढाई संपल्यावर काय?

आतापर्यंत आपण इजाच मोजली. पण एका संध्याकाळच्या खेळात कितीतरी वेळ लढाईबाहेर जातो: दरबारात बोलणी, चोरवाटांचा शोध, जखमींची शुश्रूषा. तिथे पॅलाडिन करिश्म्यावर राजाचे मन वळवतो, रेंजर पाऊलखुणा वाचतो. सहाव्या लेव्हलपासून पॅलाडिनच्या दहा फुटांच्या आत उभ्या असलेल्या मित्रांनाही त्याच्या करिश्म्याचे संरक्षण मिळते. फायटरने मात्र करायचे काय? आकड्यांत बरोबरी साधूनही फायटरचा खेळाडू कंटाळतो, त्याचे खरे कारण हे आहे. त्याला इजा कमी पडत नाही, निवडी कमी पडतात. दर पाळीला 'मी वार करतो' एवढेच म्हणायचे असेल, तर आकडा कितीही मोठा असला तरी तो खेळ उरत नाही.

२०२४च्या नव्या 'प्लेयर्स हँडबुक'ने नेमके इथेच बोट ठेवले आहे. योद्ध्यांना 'वेपन मास्टरी' मिळाली. प्रत्येक शस्त्राला स्वतःचा डाव: कोणी शत्रूला पाडते, कोणी मागे ढकलते, कोणी पुढचा वार सोपा करते. फायटरला आपली दम परत मिळवण्याची शक्ती खर्चून लढाईबाहेरची फसलेली खटपट सावरता येते. आणि पॅलाडिनचा स्माइट आता एका पाळीत एकदाच वापरता येतो, त्यामुळे एका दमात सगळे उधळणे थांबले. एकाला नुसते कापले नाही, दुसऱ्याला नुसते फुगवले नाही. एकाची घाई आवरली आणि दुसऱ्याच्या हाती निवड दिली.

तरीही पुस्तक अर्धेच काम करते, उरलेले डीएमने करायचे असते. त्यासाठी नियम बदलावे लागत नाहीत. टेबलावर पॅलाडिन चमकत असेल आणि फायटर गप्प असेल, तर मोहिमेला घाई लावा: पहाटेच्या आत किल्ला गाठायचा आहे, झोपायला वेळ नाही. मग तिसऱ्या-चौथ्या चकमकीत फायटर आपोआप उजळतो. बार्बेरियनपुढे कधी तलवारी ठेवा, कधी आग. रेंजर रानातला असेल तर कथेची एक वाट रानातून जाऊ द्या. आणि फायटरच्या खेळाडूला विचारा, तुझा हा शिपाई कोणत्या फौजेत होता, त्याला कोण ओळखते, त्याच्या शब्दावर कोण उठून येईल? जुन्या नियमांत त्याला मिळणारी माणसे कथेतून परत देता येतात.

चारही योद्ध्यांचे आकडे एका रेषेत आणणे हे समतोलाचे ध्येय असूच नये. तसे झाले तर चार क्लास ठेवण्यात अर्थच नाही. कोणत्याही एका क्षणी चौघांपैकी एक जण पुढे असणारच. तो मान दर वेळी त्याच माणसाकडे जाऊ नये, आणि तो मिळवण्यासाठी खेळाडूला स्वतः काही ठरवता यावे, एवढी हमी नियमांनी आणि डीएमने मिळून दिली की समतोल साधला.